तंबाखूमुक्तीसाठी दूरध्वनीची साथ

समाजाच्या उन्नतीचा विचार करताना आपण शिक्षण, नोकरी, घर आणि संघटन या विषयांवर भरभरून बोलतो. आरोग्यावर मात्र आजार दारात उभा राहिल्यावरच बोलतो. त्यातही तंबाखूवर बोलणे आपण टाळतो, कारण ती आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात असते. दारूबद्दल घराघरांत चीड आहे. दारू संसार उघड्यावर आणते आणि ते साऱ्या वस्तीला दिसते. तंबाखूचे नुकसान असे चटकन दिसत नाही. उलट ती पाहुण्याचे स्वागत करते, शेताच्या बांधावर दोन अनोळखी माणसांची ओळख करून देते, एस.टी.ची वाट पाहणाऱ्याचा वेळ घालवते. पंचशील ग्रहण करून बाहेर आलेला माणूसही विहाराच्या पायरीवर बसून चंची सोडतो आणि त्यात वावगे काही आहे असे त्याला वाटत नाही.

तंबाखू वाईट आहे हे पटवून देण्यासाठी आम्ही हा लेख लिहिलेला नाही. ते विडी ओढणाऱ्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते, कारण रात्री खोकला त्याला येतो. आमचा उद्देश वेगळा आहे. ज्याला हे व्यसन सोडावेसे वाटते, त्याला घरबसल्या, विनामूल्य आणि मराठीतून मदत मिळू शकते. ती मदत दूरध्वनीवरून मिळते. तिचा क्रमांक तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापण्याचा नियम आहे, तरी तो फार थोड्यांनी लक्षपूर्वक वाचलेला असतो. ही सेवा काय आहे, ती कशी चालते, तिचा उपयोग किती आणि मर्यादा कोणत्या, हे संस्थेच्या सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना समजावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

इच्छा आहे, पण वाट सापडत नाही

केंद्र सरकारने २०१६-१७ साली देशभर प्रौढांच्या तंबाखू सेवनाचे सर्वेक्षण केले. त्यात भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. महाराष्ट्राचा आकडा २६.६ टक्के होता. म्हणजे आपल्या राज्यात साधारणपणे दर चार प्रौढांमागे एक. पुरुषांत हे प्रमाण ३५.५ टक्के, तर स्त्रियांत १७ टक्के होते. महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्केच होते. तोंडात धरण्याची, चघळण्याची अथवा दातांना घासण्याची तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के होते. आपल्या राज्याचे दुखणे धुरापेक्षा धुराविना घेतल्या जाणाऱ्या तंबाखूत अधिक आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

याच सर्वेक्षणातील दुसरी माहिती आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. देशातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोकांच्या मनात ती सोडण्याचा विचार होता. जवळजवळ निम्मे लोक! आपण ज्यांना "हा काही सुधारायचा नाही" म्हणून सोडून देतो, त्यांतील निम्म्यांच्या मनात सुधारण्याचा विचार आधीच चालू असतो. उपदेश त्यांच्या कानावर पुष्कळ आलेला असतो. सोडायचे कसे, हे सांगणारे माणूस मात्र त्यांना भेटलेले नसते.

नुसता निर्धार अपुरा का पडतो

आपल्याकडे व्यसन सोडण्याची एकच रीत प्रसिद्ध आहे. एखाद्या दिवशी माणूस चिडतो, पुडी उकिरड्यावर फेकतो आणि "आजपासून बंद" म्हणून शपथ घेतो. चौथ्या दिवशी तोच माणूस टपरीवर दिसतो. मग घरचे म्हणतात, याला मनच नाही. तोही तेच मानू लागतो आणि पुढच्या वेळी शपथ घ्यायलाही कचरतो.

येथे थोडे शास्त्र समजून घेणे इष्ट ठरेल. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. विडीच्या झुरक्यातून ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते. तंबाखूच्या बारातून ते तोंडाच्या आतील नाजूक त्वचेमार्गे रक्तात शिरते आणि सोबत मळलेला चुना त्याचे शोषण वाढवतो. आपल्या वाडवडिलांनी चुना लावण्याची रीत उगीच पाडली नव्हती. चुन्याने तंबाखू 'लागते' हा त्यांचा अनुभव होता, त्यामागचे कारण आज आपल्याला कळले आहे. रक्तातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. मेंदूला त्याची सवय झालेली असल्याने तो पुन्हा मागणी करतो. दिवसभर दर दोन-अडीच तासांनी हात खिशाकडे जातो, त्याचे कारण हे आहे.

तंबाखू एकाएकी बंद केली की चिडचिड, बेचैनी, झोपमोड, डोके जड होणे, भूक वाढणे, कामात लक्ष न लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वांत जोरदार असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. म्हणजे आपला माणूस चौथ्या दिवशी टपरीवर गेला, तेव्हा कडेलोटाचा काळ त्याने जवळपास पार केला होता. "आणखी थोडे थांबा, सर्वांत अवघड भाग मागे पडला आहे" एवढे सांगणारे कोणी त्याच्याजवळ असते, तर कदाचित तो माघारी फिरला असता. फोनवरील मदतीचे सारे तत्त्व या एका गोष्टीत आले.

या कल्पनेचा उगम

दूरध्वनीवरून व्यसनमुक्तीची साथ ही कल्पना परदेशांत प्रथम रुजली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९२ साली संपूर्ण राज्यासाठी अशी सेवा सुरू केली. तिचा खर्च सिगारेटवरील वाढीव करातून भागवला गेला. ज्या मालाने आजार दिला त्याच मालाच्या पैशातून उपाय, हा न्याय आम्हाला मोठा मार्मिक वाटतो.

त्या सेवेच्या आधारे शू-हाँग झू या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांवर एक प्रयोग केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. लोकांचे तीन गट केले गेले. पहिल्या गटाला केवळ माहितीपुस्तिका दिल्या. दुसऱ्या गटाला पुस्तिकेसोबत एकदा फोनवर सविस्तर समुपदेशन दिले. तिसऱ्या गटाला त्याशिवाय पुढेही अनेक वेळा फोन केले. वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५.४ टक्के, दुसऱ्यात ७.५ टक्के आणि तिसऱ्यात ९.९ टक्के निघाले.

एखादा विद्यार्थी म्हणेल, शंभरात दहाच जण सुटले, यात विशेष ते काय? आकडा लहान आहे हे खरे. परंतु एका प्रयत्नाचा हा हिशेब आहे आणि नुसत्या पुस्तिकेच्या तुलनेत तो जवळजवळ दुप्पट आहे. शिवाय ही मदत एका ठिकाणी बसून हजारो लोकांना देता येते. पाच सुटणार होते तेथे दहा सुटले, तर उरलेल्या पाच घरांना विचारावे की हा आकडा लहान की मोठा.

झू यांच्या पद्धतीतील आणखी एक बाब मनात ठेवण्यासारखी आहे. पुढील फोन त्यांनी आठवड्याला एक असे समान अंतराने ठेवले नाहीत. सोडल्यानंतर पहिला, तिसरा, सातवा, चौदावा आणि तिसावा दिवस अशी त्यांची साधारण मांडणी होती. जेथे घसरण्याची भीती जास्त, तेथे फोन जवळजवळ आणि पुढे पुढे विरळ. नवे रोप लावले की पहिले काही दिवस रोज पाणी आणि मूळ धरल्यावर आठवड्याने, हे आपल्या शेतकरी बांधवांना निराळे सांगावयास नको.

आपल्या देशातील सेवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००४ साली मान्य केला. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यास मदत उपलब्ध करून देणे हे त्या कराराने सरकारांवर टाकलेले एक कर्तव्य आहे. त्याआधीच, २००२ साली, देशात १३ तंबाखूमुक्ती केंद्रे उघडण्यात आली होती. परंतु तेरा केंद्रे म्हणजे समुद्रात खसखस. गंगाखेड किंवा पालम तालुक्यातील मजूर मोठ्या शहरातील केंद्रात जाणार कधी, राहणार कोठे आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली तर खाणार काय?

ही अडचण ध्यानी घेऊन मे २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा सुरू केली. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल छाती रोग संस्थेत तिचे कार्यालय उघडले गेले. मंगळवार ते रविवार, सकाळी ८ ते रात्री ८ अशी तिची वेळ ठरवण्यात आली. तिचा निःशुल्क क्रमांक असा :

१८००-११-२३५६

निःशुल्क म्हणजे फोन करणाऱ्यास एक पैसाही पडत नाही. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर, सचित्र धोक्याच्या सूचनेत, "आजच सोडा, फोन करा" अशा अर्थाच्या शब्दांसह छापणे सक्तीचे झाले. त्यानंतर येणाऱ्या फोनची संख्या पुष्कळ वाढली. सेवेचा विस्तारही झाला आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बंगळूरची निमहान्स संस्था व गुवाहाटीचे डॉ. बी. बरुआ कर्करोग संस्थान येथे विभागीय केंद्रे निघाली. आपल्या दृष्टीने यात मुंबईचे केंद्र महत्त्वाचे, कारण मराठीतून बोलणारे समुपदेशक त्यामुळे लाभले.

मराठीतून बोलता येणे ही किरकोळ सोय समजू नये. "बार भरल्याशिवाय पोट साफ होत नाही", "मिश्री लावल्याशिवाय तोंडाला चव येत नाही" ही वाक्ये दुसऱ्या भाषेत सांगायची म्हटली तर अर्धा जीव निघून जातो. माणूस आपले दुखणे आपल्या बोलीतच नीट सांगू शकतो. कॅलिफोर्नियातही तेथील चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी लोकांसाठी त्यांच्या भाषेतून सेवा द्यावी लागली व ती उपयोगी ठरली.

पाकिटावर क्रमांक छापला तरी सुटी विडी वा सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येत नाही, मग त्याला क्रमांक दिसणार कोठून? धोक्याची सूचना गिऱ्हाइकाच्या नजरेपासून दूर राहते याच कारणाने महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आणली. बंदीची अंमलबजावणी टपरीवर किती होते हे आपण जाणतोच. म्हणून तो क्रमांक पाकिटाबाहेर आणण्याचे काम आपल्यासारख्यांकडे येते.

फोन लावल्यावर काय घडते

पुष्कळांना वाटते की पलीकडून कोणी रागावेल, भाषण देईल किंवा नाव सरकारी दप्तरात चढवील. तसे काही नाही. समुपदेशक म्हणजे या कामाचे शिक्षण घेतलेला माणूस. फोन करणाऱ्याने काय सांगितले ते गुप्त ठेवणे हा त्याच्या कामाचा पहिला नियम. उत्तर हिंदीत आले तर "मराठीत बोलायचे आहे" असे संकोच न करता सांगावे.

सुरुवातीला साधे प्रश्न असतात. तंबाखू कोणत्या प्रकारची, किती वर्षांपासून, दिवसातून किती वेळा? पूर्वी सोडण्याचा प्रयत्न केला होता का आणि पुन्हा कशामुळे सुरू झाली? दुसरे काही आजार, औषधे? एक प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण मर्माचा आहे. सकाळी उठल्यावर पहिली विडी किंवा पहिला बार किती वेळाने? जो अर्ध्या तासाच्या आत घेतो त्याची शारीरिक गुलामी अधिक, असा डॉक्टरांचा आडाखा आहे. वाचकांपैकी ज्यांना हे लागू असेल त्यांनी आपले उत्तर मनाशीच द्यावे.

त्यानंतर सोडण्याची तारीख ठरवली जाते. ती फार लांबची नसावी, नाहीतर "पोळा झाल्यावर", "लग्नसराई संपल्यावर" असे करत वर्ष निघून जाते. तारखेपूर्वीच्या दिवसांत तयारी करायची. घरातील पुड्या, माचिस, चुन्याची डबी बाहेर काढायची, घरच्यांना व दोन जवळच्या मित्रांना सांगून ठेवायचे, कोणत्या वेळी आणि कोणाच्या संगतीत तलफ येते हे पाहून ठेवायचे. कोणाला चहानंतर लागते, कोणाला जेवणानंतर, कोणाला उसाच्या तोडीवर थंडीत, तर कोणाला कचेरीत साहेब बोलल्यावर. प्रत्येकाचे कारण वेगळे, म्हणून प्रत्येकाचा उपायही वेगळा. छापील पत्रकाला हे जमत नाही, संभाषणाला जमते.

पुढचा भाग आम्हाला या सेवेचा प्राण वाटतो. ठरलेल्या तारखेनंतर समुपदेशक स्वतःहून फोन करून चौकशी करतात. आपण कोणाला सांगितले आहे आणि तो विचारणार आहे, ही जाणीव माणसाला सावरून धरते. घसरलो असलो तरी तो रागावणार नाही, कोठे घसरलो ते पाहून पुन्हा तारीख ठरवून देईल, ही खात्री त्याहून मोठी. मात्र अनोळखी क्रमांक म्हणून असा फोन कापून टाकू नये, हे ध्यानात ठेवावे.

तलफ आल्यावर काय करावे

समुपदेशक जे उपाय सांगतात ते अगदी साधे असतात. तलफ ही लाटेसारखी असते. ती चढते आणि काही मिनिटांत उतरते. तेवढी मिनिटे काढण्याचे चार मार्ग आहेत. पहिला, टाळाटाळ : "आणखी दहा मिनिटांनी पाहू" असे स्वतःला सांगणे. दुसरा, सावकाश दीर्घ श्वास घेणे. तिसरा, घोट घोट पाणी पिणे. चौथा, जागा किंवा काम बदलणे : उठून चार पावले चालणे, कोणाशी बोलणे, हाताला काही काम देणे. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप, लवंग किंवा भाजलेले चणे ठेवावेत. सुपारी मात्र ठेवू नये. सुपारी हीही कर्करोगाला कारण ठरते, हे अनेकांना माहीत नसते.

ज्यांची गुलामी जुनी आहे त्यांना निकोटीनयुक्त चघळगोळीचा उपयोग होतो. ती तंबाखूतील इतर विषांशिवाय थोडे निकोटीन देते व हळूहळू कमी करता येते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, विशेषतः हृदयविकार असल्यास किंवा बाई गरोदर असल्यास.

सोडल्याचे फळ लवकर दिसू लागते. धूम्रपान थांबल्यावर २० मिनिटांत नाडीचा वेग उतरू लागतो. बारा तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सामान्य पातळीवर येतो. एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर आणि दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर येतो. "आता या वयात सोडून काय उपयोग" असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे आकडे वाचून दाखवावेत.

मिश्री लावणाऱ्या आपल्या माय-भगिनी

तंबाखू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. परंतु महाराष्ट्रातील १७ टक्के स्त्रियाही ती घेतात आणि त्यांतील बहुतेकींची तंबाखू धुराची नसते. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, म्हणजेच मिश्री, सकाळी दातांना लावणे याला आपल्याकडे व्यसन म्हणतच नाहीत, दात घासणे म्हणतात. कापूस वेचायला जाण्यापूर्वी एकदा, दुपारी भूक मारायला एकदा आणि रात्री भांडी झाल्यावर एकदा असे दात दिवसातून तीनदा घासले जातात.

मुंबईतील गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मातांची बाळे न घेणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅम वजनाने कमी भरली. दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही त्यांच्यात अधिक आढळला. त्या स्त्रियांपैकी बहुतेकींचा प्रकार मिश्री हाच होता. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाचे शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे अंगणवाडीचा तराजू सांगेल.

अशी बाई दवाखान्यात जाऊन "मला तंबाखूची सवय आहे" असे सांगेल काय? सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर, ओळखीच्या नर्ससमोर? तिच्या दृष्टीने फोनची खरी किंमत येथे आहे. पलीकडच्या माणसाला तिचा चेहरा दिसत नाही, तिचे गाव-शेजार ठाऊक नाही. दुपारी घर रिकामे असताना ती मनमोकळे बोलू शकते. आपल्याकडे अडचण एवढीच की फोन बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. ती अडचण घरच्यांनीच दूर करावयाची आहे.

थोडा हिशेब

आमचा व्यवसाय बँकेतील असल्याने हिशेबाचे दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. तंबाखू-विडीवर रोज २० रुपये जातात असे धरू. महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,३०० रुपये झाले. दहा वर्षांत, व्याज न धरताही, ७३,००० रुपये. हेच ६०० रुपये दरमहा आवर्त ठेवीत टाकले तर मुलाची परीक्षा शुल्के, वसतिगृहाचा खर्च किंवा मुलीची पुस्तके कोणापुढे हात न पसरता भागतील. शैक्षणिक कर्जासाठी येणाऱ्या पालकांच्या अडचणी आम्ही रोज ऐकतो. त्यांतील काहींची पहिली अडचण त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात असते.

सोडण्याच्या तारखेपासून रोजचे वीस रुपये एका डब्यात टाकावेत आणि महिनाअखेरीस घरच्यांसमोर मोजावेत. समुपदेशकाचा फोन येतो तेव्हा सांगायला दिवस असतातच, सोबत रुपयेही असतात.

मर्यादाही जाणून घ्याव्यात

फोनची सेवा ही जादू नव्हे. पहिल्या फोनवर व्यसन सुटत नाही. पुष्कळांना दोन-तीनदा घसरून, पुन्हा तारीख ठरवूनच यश येते. कधी क्रमांक व्यस्त लागतो, कधी गावात टॉवर मिळत नाही. तेव्हा एका प्रयत्नात निराश न होता पुन्हा लावावा.

फोन हा तपासणीला पर्यायही नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, तिखट अजिबात न सोसणे, आवाज बसून राहणे, थुंकीत रक्त येणे यांपैकी काही दिसल्यास आधी दवाखाना गाठावा. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाच्या रचनेत जिल्हा रुग्णालयाच्या ठिकाणी तंबाखूमुक्ती केंद्राची तरतूद आहे. परभणीस कामानिमित्त येणाऱ्यांनी तेथे चौकशी करावी. दारू वा अन्य नशेच्या पदार्थांसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. मन फार खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा सुरू झालेली आहे. हेही क्रमांक घरात लिहून ठेवावेत.

आपण काय करू शकतो

विद्यार्थी मित्रांनो, या कामात तुमचा वाटा सर्वांत मोठा आहे. तुमच्या आजोबांना क्रमांक वाचता येत नसेल, आजीला भाषा निवडण्याची कळ दाबता येत नसेल. तुम्ही तो क्रमांक लावून द्या आणि फोन त्यांच्या हाती देऊन थोडे बाजूला बसा. त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका. बोलायचे त्यांचे त्यांनाच आहे. फोनवर तारीख ठरली की भिंतीवरील कॅलेंडरवर त्यांच्यादेखत खूण करा. त्या पहिल्या तीन दिवसांत ते चिडले तर उलट बोलू नका, कारण तो राग निकोटीन नसल्याचा असतो. घसरले तर टोमणा मारू नका. "पुन्हा फोन लावू या" एवढेच म्हणा.

आणि मित्रांच्या आग्रहाने पहिली पुडी हातात येईल, त्या क्षणासाठी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. सोडण्यासाठी देशाला दूरध्वनीची यंत्रणा उभारावी लागते, एवढी ती वस्तू चिवट आहे. न धरण्यासाठी मात्र एक 'नाही' पुरते.

सभासद बंधू-भगिनींना आमची विनंती आहे की हा क्रमांक विहाराच्या फलकावर, वाचनालयात, पिठाच्या गिरणीवर आणि किराणा दुकानात ठळक अक्षरांत लावावा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या फोनमध्ये निघण्यापूर्वीच साठवून द्यावा. कार्यक्रमात पाहुण्यांपुढे ठेवल्या जाणाऱ्या तबकातून तंबाखू वगळावी. महिला मंडळाच्या बैठकीत मिश्रीचा विषय कोणाचेही नाव न घेता काढावा. यांपैकी कशालाच वर्गणी लागत नाही.

व्यसनी माणसाला आपण आजवर पुष्कळ बोललो. आता त्याला बोलू द्यावे आणि ऐकणारे माणूस त्याला मिळवून द्यावे. ते माणूस १८००-११-२३५६ या क्रमांकाच्या पलीकडे आहे. ज्याने ही पाने वाचली, त्याने ती मिटण्यापूर्वी हा क्रमांक आपल्या माहितीतल्या एका तरी घरी पोहोचवावा, एवढीच अपेक्षा.